जुनी बाटली, झाकलेले नाव

वाईन जितकी जुनी तितकी ती चांगली, ही समजूत ज्यांनी आयुष्यात वाईनचा थेंबही चाखलेला नाही अशांच्याही मनात पक्की रुजलेली असते. मैत्रीला, ग्रंथाला, प्रसंगी एखाद्या मुरब्बी मुत्सद्द्यालाही जुन्या वाईनची उपमा देण्याची प्रथा आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाच्या मार्गाने आली आणि इथे चांगली रुळली. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जगात दरवर्षी जेवढी वाईन तयार होते तिच्यापैकी फार मोठा भाग एक-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेला असतो. तो तळघरात ठेवून दिला तर सुधारत नाही. त्याचा वास उडतो, चव बोथट होते आणि अखेर तो ओतून द्यावा लागतो. वीस-तीस वर्षे टिकणारी, आणि टिकून वर चढत जाणारी वाईन हा अपवाद आहे. परंतु याच अपवादावर वाईनच्या साऱ्या प्रतिष्ठेचा डोलारा उभा आहे.

कोणती वाईन या अपवादात मोडते हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न वरकरणी चैनी माणसांचा वाटेल. पण गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याचे उत्तर ज्या रीतीने शोधले गेले, आणि ज्या रीतीने टाळलेही गेले, ती रीत अधिकार आणि पुरावा यांच्या परस्परसंबंधाविषयी पुष्कळ काही सांगते. म्हणून मद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकानेही त्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

मुळात जुने होणे म्हणजे काय? आपल्या स्वयंपाकघरात 'मुरणे' हे क्रियापद फार जुने आहे. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, आणि त्यांचा कच्चेपणा मुरण्यानेच जातो. आयुर्वेदानेही नवे मद्य जड आणि दोष वाढवणारे, तर जुने मद्य हलके आणि रुची आणणारे मानले आहे. तांबड्या वाईनचे मुरणे याच जातीचे, पण फार संथ. काळ्या द्राक्षांच्या सालींतून आणि बियांतून रसात एक तुरट द्रव्य उतरते. त्याला टॅनिन म्हणतात. फार उकळलेला कोरा चहा घेतल्यावर किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ जशी आखडते, तशी ती नव्या, जोरकस तांबड्या वाईनने आखडते. वर्षे जातात तसे या द्रव्याचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जाऊन मोठे होतात, आणि त्यांतील काही तळाशी बसतात. जुन्या बाटलीत गाळ साचतो तो यामुळे. जांभळट रंग प्रथम माणकासारखा आणि मग विटेसारखा होतो. तुरटपणा मवाळ होतो. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि त्याच्या जागी सुकलेली पाने, तंबाखू, चामडे, अळंबी, पावसाने भिजलेल्या रानातील माती अशा वासांची आठवण देणारे काहीतरी उरते. हे ज्याला आवडते त्याला त्यापुढे नवी वाईन बालिश वाटते. पुष्कळांना ते मुळीच आवडत नाही, आणि तसे उघड कबूल करण्याचे धैर्य फार थोड्यांना असते.

हे सारे घडण्यासाठी बाटली अंधारात, बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या सुमारास असलेल्या आणि फारशा न बदलणाऱ्या तपमानात, आडवी पडून राहावी लागते. आडवी अशासाठी, की बूच आतून ओले राहिले पाहिजे. ते वाळले की आकसते, हवा आत शिरते आणि मुरण्याऐवजी नासणे सुरू होते. उघडण्यापूर्वी बाटली दिवसभर उभी करून गाळ तळाशी बसू देतात, आणि मग मानेखाली मेणबत्ती धरून वाईन हलक्या हाताने दुसऱ्या पात्रात ओततात; गाळाची पहिली रेषा मानेपाशी दिसली की हात थांबवायचा. एवढे सोपस्कार करून हाती काय येईल याचा मात्र भरवसा नाही. बुचातील एका संयुगामुळे साऱ्या वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागलेला असू शकतो. एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन बाटल्या तीस वर्षांनी दोन सख्ख्या भावांइतक्या भिन्न निघू शकतात. आणि चांगली निघाली तरी फार जुनी वाईन पेल्यात कधी कधी तासाभरातच मावळते. साक्ष देता देता साक्षीदार नाहीसा व्हावा, तसा हा प्रकार आहे. फेरतपासणीला वाव नाही.

ज्या परीक्षेत फेरतपासणी नाही, तिथे परीक्षकाची प्रतिष्ठा वाढते, आणि त्याहूनही अधिक वाढते ती उमेदवाराच्या घराण्याची. फ्रान्समधील बोर्दो या प्रांताने ही गोष्ट फार लवकर ओळखली. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी तांबड्या वाईन करणाऱ्या सुमारे साठ मळ्यांची पाच श्रेणींत विभागलेली यादी तयार केली. निकष होता तो प्रामुख्याने बाजारात मिळत आलेल्या किमतीचा. पहिल्या श्रेणीत चारच नावे होती: लाफित, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर. (या शेवटच्या नावाचा आपल्या मराठवाड्यातील शहराशी काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.) एका प्रदर्शनाच्या निमित्ताने केलेली ही यादी जवळजवळ जशीच्या तशी आजही चालू आहे. आरंभी एक नाव वाढवले गेले, आणि १९७३ साली मूताँ-रॉथशील्ड या मळ्याला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली. तेवढ्यासाठी त्याच्या मालकाने कित्येक दशके खटपट केली होती. कचेरीतील सेवाज्येष्ठतेच्या यादीत निदान निवृत्तीची तरी सोय असते. या यादीत तीही नाही. मळा विकला गेला, त्याच्या सीमा बदलल्या, मालक निष्काळजी निघाला, तरी श्रेणी कायम.

या पार्श्वभूमीवर २४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात जे घडले ते पाहिले पाहिजे. पॅरिसमध्ये वाईनचे दुकान चालवणारा स्टीव्हन स्परिअर हा इंग्रज आणि त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी कॅलिफोर्नियातील काही वाईन फ्रेंच तज्ज्ञांपुढे ठेवण्याचे योजिले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती, तेवढेच निमित्त. नऊ परीक्षक सारे फ्रेंच होते आणि सारे नामांकित: कोणी सरकारी वाईन-नियंत्रण संस्थेचे अधिकारी, कोणी प्रसिद्ध उपाहारगृहांचे चालक, कोणी स्वतः मळ्याचे मालक, तर ओदेत कान या वाईनविषयक ख्यातनाम नियतकालिकाच्या संपादिका. तांबड्या वाईन दहा होत्या. चार बोर्दोच्या: मूताँ, ओ-ब्रियाँ आणि मोंरोज या १९७० सालच्या आणि लेओविल-लास-काज १९७१ ची. उरलेल्या सहा कॅलिफोर्नियाच्या. बाटल्यांवरील नावे झाकलेली होती. गुण वीसपैकी द्यायचे होते. फ्रेंच वाईन सहज जिंकतील, अशीच स्परिअरची अपेक्षा होती.

जिंकली ती 'स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स' या कॅलिफोर्नियातील कारखान्याची १९७३ ची वाईन. तिचा कर्ता वॉरन विनिआर्स्की हा पूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत असे. वर्गातील फळा सोडून तो १९६४ साली कुटुंबासह नापाच्या खोऱ्यात गेला आणि दुसऱ्यांच्या हाताखाली राबून ही विद्या शिकला. ज्या वेलींच्या द्राक्षांपासून ही वाईन झाली त्या वेली त्या हंगामात अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. मूताँ दुसरी आली, मोंरोज तिसरी, ओ-ब्रियाँ चौथी. पांढऱ्या वाईनमध्येही पहिला क्रमांक कॅलिफोर्नियालाच गेला. ती फेरी चालू असताना एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाचीच वाईन चाखून आता आपण फ्रान्सला परतलो, अशा अर्थाचे समाधान व्यक्त केले होते, ही गोष्ट तिथे हजर असलेल्या एकमेव वार्ताहराने, 'टाइम' साप्ताहिकाच्या जॉर्ज टेबरने, टिपून ठेवली. निकाल कळल्यावर ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ती त्यांना मिळाली नाही. फ्रेंच वृत्तपत्रांनी प्रथम या घटनेची दखलच घेतली नाही, आणि काही महिन्यांनी घेतली ती हसण्यावारी नेण्यापुरती.

येथवरची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे, आणि ती सांगताना गर्विष्ठ फ्रेंचांची कशी जिरली यावरच भर दिला जातो. आम्हांला तो भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पत्रिका परत मागणाऱ्या बाईंचे हसे करणे सोपे आहे. पण त्या परीक्षेत दोष होते हेही खरे आहे. पांढऱ्या वाईनचा निकाल तांबड्या वाईनची फेरी सुरू होण्याआधीच सांगितला गेला, त्यामुळे परीक्षक सावध झाले. परीक्षकापरीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत होती. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांतील अंतर तर इतके किरकोळ होते, की एखाद्या परीक्षकाचे मन त्या दिवशी थोडे वेगळे असते तरी क्रम उलटला असता. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी दिलेले गुण ज्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत, त्या शिक्षक-वाचकांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

खरा महत्त्वाचा आहे तो फ्रेंचांचा आक्षेप. त्यांचे म्हणणे असे, की बोर्दोची वाईन पाच-सहा वर्षांच्या वयात चाखणे हाच मुळी अन्याय आहे. ती त्या वयात मिटलेली, कडक असते. तिचे गुण वीस-तीस वर्षांनी उमलतात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलेली वाईन लहानपणीच गोड बोलून मन जिंकते, पण तिला दीर्घायुष्य नाही. हा आक्षेप हास्यास्पद नव्हता. उष्ण प्रदेशातील द्राक्षांत आम्लाचे प्रमाण कमी राहते आणि आम्ल हा वाईन टिकवणारा एक घटक आहे, हे रसायनशास्त्राला धरूनच आहे. शिवाय या आक्षेपाचा एक मोठा गुण असा, की तो तपासता येण्याजोगा होता. 'काळच ठरवील' असे म्हणणारे लोक सर्व क्षेत्रांत असतात. पण काळाने ठरवण्याची वेळ येते तेव्हा ते बहुधा हजर नसतात, किंवा आपण काय म्हटले होते ते सोयीस्करपणे विसरलेले असतात. इथे तसे झाले नाही. बाटल्या तळघरात होत्या, गुणपत्रके जपून ठेवलेली होती आणि स्परिअर हा हट्टी माणूस होता.

१९८६ साली न्यूयॉर्क येथे त्याच वाईन पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. पहिल्या दोन्ही जागा कॅलिफोर्नियाला मिळाल्या. दहा वर्षे म्हणजे बोर्दोच्या दृष्टीने काहीच नव्हे, असे तरीही म्हणता आले असते. म्हणून २४ मे २००६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी, प्रत्येकी नऊ परीक्षकांपुढे, त्याच दहा तांबड्या वाईन तिसऱ्यांदा ठेवण्यात आल्या. बोर्दोच्या १९७० सालच्या बाटल्या आता छत्तीस वर्षांच्या झाल्या होत्या. ज्या वयाचा हवाला देण्यात येत होता ते वय त्यांना पुरेपूर लाभले होते. दोन्हीकडील गुण एकत्र केल्यावर पहिली आली ती रिज कारखान्याची 'माँटे बेलो' १९७१. पॅरिसमध्ये ती पाचवी होती. स्टॅग्ज लीप दुसरी. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या. सहाव्या क्रमांकावर मूताँ हे पहिले फ्रेंच नाव. १९७६ साली अगदी खालच्या क्रमांकांत असलेली मेयाकामासची १९७१ ची वाईन आता तिसऱ्या जागेची वाटेकरी होती. आणि फ्रीमार्क ॲबी ही कॅलिफोर्नियाचीच वाईन तेव्हाही दहावी होती, आताही दहावीच राहिली. म्हणजे काळाने सरसकट कोणाचीच बाजू घेतली नाही. त्याने काहींना वर आणले, काहींना जिथल्या तिथे ठेवले. ज्यांनी काळाला साक्षीदार म्हणून बोलावले होते त्यांच्याविरुद्ध मात्र तो बोलला.

यावरून बोर्दोची वाईन हलकी असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मूर्खपणा होईल. दहा वाईन म्हणजे दोन प्रदेश नव्हेत. निष्कर्ष एवढाच निघतो, की दीर्घायुष्य हा एका प्रदेशाचा वतनी हक्क नाही. १९९० च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातील ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. आधीच्या हिवाळ्यातील पाऊस, द्राक्षे वाढण्याच्या काळातील उष्णता आणि तोडणीच्या वेळचा कोरडेपणा एवढ्या तीन गोष्टींवरून बोर्दोचे एखादे साल पुढे मुरून किती मोलाचे ठरेल याचे गणित त्याने मांडले. कोवळी वाईन घोटघोट चाखून तिचे भविष्य सांगणाऱ्या समीक्षकांना राग येणे स्वाभाविक होते, आणि तो आला. पर्जन्यमापक आणि उष्णतामापक यांनी जिभेला आव्हान द्यावे, हे कोणत्याही रसिकाला सहज रुचणारे नव्हे. पण त्या गणिताने एक गोष्ट दाखवून दिली: आयुष्याचे रहस्य केवळ घराण्यात नसून त्या वर्षीच्या हवापाण्यातही आहे.

जुन्या वाईनला मोठे मोल येते तेव्हा तिच्याबरोबर लबाडीही येते, हा तर जुनाच अनुभव आहे. रोममध्ये इ. स. पूर्व १२१ या वर्षीची, ओपिमियस हा कॉन्सल असतानाची वाईन दंतकथा होऊन बसली होती. पेत्रोनियस या रोमन लेखकाच्या 'सॅटिरिकॉन' या ग्रंथात त्रिमाल्कियो नावाचा एक नवश्रीमंत आपल्या मेजवानीत काचेच्या कुंभांच्या मानेला चिठ्ठ्या लावून ती मिरवतो: ओपिमियसच्या सालची, शंभर वर्षांची. कथा नीरोच्या काळातली धरली तर त्या वाईनचे वय शंभर नव्हे, एकशे ऐंशीच्या घरात जाते. चिठ्ठीवरचा हिशेब यजमानालाही येत नव्हता आणि पाहुण्यांनाही तो करावासा वाटला नाही. विनोद नेमका तिथे आहे.

दोन हजार वर्षांनंतर पाहुणे फारसे बदललेले नाहीत. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या एका प्रसिद्ध लिलावगृहात १७८७ सालची लाफित म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या नावाची आद्याक्षरे काचेवर कोरलेली होती. हार्डी रोडेनस्टॉक नावाच्या एका जर्मन संग्राहकाकडून ती आली होती आणि पॅरिसमधील भिंतीआड बुजलेल्या तळघरात ती सापडल्याचे सांगण्यात आले होते. खरेदी करणाऱ्यांनी ती काचेच्या पेटीत दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच वाळून आत पडले, आणि तिच्या चवीचा प्रश्न तिथेच संपला. अशाच चार बाटल्या घेतलेल्या बिल कोख या अमेरिकन उद्योगपतीने पुढे चौकशी सुरू केली. जेफर्सनच्या बारकाईने ठेवलेल्या कागदपत्रांत या बाटल्यांचा पत्ता लागला नाही, आणि कोखने नेमलेल्या तज्ज्ञांना ती कोरीव अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराची दिसली. २००६ साली प्रकरण न्यायालयात गेले. रोडेनस्टॉकने आरोप अखेरपर्यंत नाकारले. २०१८ साली तो निवर्तला. त्याने भरवलेल्या मेजवान्यांतून अशा अतिप्राचीन बाटल्या युरोपातील नामवंत रसिकांनी चाखल्या होत्या आणि वाखाणल्याही होत्या.

रुडी कुर्नियावान या इंडोनेशियात जन्मलेल्या तरुणाचे प्रकरण याहून उघडे. अमेरिकेतील श्रीमंत संग्राहकांच्या वर्तुळात तो अचूक जिभेचा जाणकार म्हणून मान्यता पावला होता. २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्याकडून आलेल्या काही बर्गंडी वाईन मांडल्या गेल्या. त्यांवर पोंसो घराण्याच्या एका मळ्याचे नाव आणि १९४५ पासूनची साले होती. लोराँ पोंसो स्वतः फ्रान्सहून विमानाने आला आणि त्याने त्या लिलावातून काढून घ्यायला लावल्या; कारण त्याच्या घराण्याने त्या मळ्याची वाईन करायला सुरुवातच १९८२ साली केली होती. २०१२ साली कुर्नियावानच्या घरावर छापा पडला तेव्हा जुन्या चिठ्ठ्या, बुचे आणि वाईनची मिश्रणे करण्याची सामग्री सापडली. २०१३ साली तो दोषी ठरला आणि पुढल्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

'जुन्या बाटलीत नवी दारू' हा आपल्या वृत्तपत्री मराठीतील एक झिजलेला वाक्प्रचार आहे. मूळ बायबलमध्ये बाटल्या नव्हेत तर कातड्याचे बुधले आहेत. जुन्या इंग्रजी भाषांतराने त्यांच्या बाटल्या केल्या आणि आपण त्या तशाच उचलल्या. कुर्नियावानने हा वाक्प्रचार अक्षरशः अमलात आणला. पण त्याला पकडले कोणी? जिभेने नव्हे. पोंसोला ती वाईन चाखण्याची गरजच पडली नाही. साल आणि दप्तर यांचा मेळ बसत नाही एवढे त्याला पुरेसे होते. कारकुनी म्हणून ज्या कामाला नाके मुरडली जातात त्या कामाचाच हा विजय होता. बोर्दोतील फिलिप ह्यूबेर या पदार्थवैज्ञानिकाने तर बाटली न उघडताच तपासण्याची युक्ती काढली. १९४५ नंतरच्या अणुस्फोटांमुळे हवेत पसरलेले किरणोत्सर्गी सीझियम द्राक्षांतही उतरले. त्याआधीच्या वाईनमध्ये ते असूच शकत नाही. मात्र ही युक्ती केवळ अणुयुगानंतरची वाईन ओळखते. लबाडी त्यापूर्वीची असेल तर ती मुकी राहते.

एवढे सगळे झाल्यावर तज्ज्ञांची जीभ म्हणजे थोतांड, असा सूर लावणारे पुष्कळ भेटतात. बोर्दो विद्यापीठाच्या परिसरात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा ते हवाला देतात. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन गंधहीन तांबडा रंग मिसळून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. प्रयोग खरा आहे, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. डोळ्यांना जे दिसते ते नाकाला आधीच सांगून ठेवते, एवढेच त्याने सिद्ध होते. म्हणजेच डोळ्यांपुढील खुणा काढून घेतल्या तर नाकाला स्वतःचे काम करण्याची संधी मिळेल. १९७६ आणि २००६ या दोन्ही दिवशी परीक्षक तज्ज्ञच होते. रस्त्यावरून कोणालाही धरून आणले नव्हते. फरक होता तो बाटलीवरचे नाव झाकण्याचा. रोडेनस्टॉकच्या पाहुण्यांपुढे नाव उघडे होते, सालही उघडे होते, आणि त्या वयाची खरी वाईन कशी लागते हे ठाऊक असणारा कोणी नव्हताच. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक झाकतात तो परीक्षक अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. प्रामाणिक परीक्षकालाही नाव वाचल्यावर ते विसरता येत नाही म्हणून.

आता थोडे आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात नारायणगावला आणि पुढे नाशिकच्या परिसरात वाईनचा धंदा उभा राहिला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून त्याला उत्तेजन दिले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याच्या निर्णयावरून जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादात पिणे चांगले की वाईट यावर भरपूर बोलले गेले. द्राक्षमळेवाल्याच्या हिताचाही उच्चार झाला. या द्राक्षांची वाईन मुळात कोणत्या प्रतीची आहे, याविषयी फार थोडे बोलले गेले. दारूबंदीचा पुरस्कर्ताही हे मान्य करील, की माल पिकवायचाच असेल आणि तो परदेशी विकायचा असेल, तर त्याची प्रत कळलेली बरी.

आपली परिस्थिती बोर्दोहून पार वेगळी आहे. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि शरदात द्राक्षे तोडतात. इथे वेलीला झोप नाही; एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वाईनची द्राक्षे उतरवतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. अशा द्राक्षांची तांबडी वाईन मुरण्याजोगी नसते, असे कोणी सांगितले तर ते पटण्यासारखे वाटते. १९७६ साली कॅलिफोर्नियाविषयीही हेच पटण्यासारखे वाटत होते. उलट आपल्या एखाद्या कारखानदाराने आमची वाईन वीस वर्षे टिकेल असा दावा केला, तर तोही शब्दावर मानण्याचे कारण नाही.

पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. त्याने किंवा एखाद्या कृषी विद्यापीठाने पुढील काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवतो. दरवर्षी राज्यातील तयार असतील त्या कारखान्यांकडून तांबड्या वाईनच्या दोन-दोन डझन बाटल्या घ्याव्यात, त्याच किमतीच्या काही परदेशी बाटल्या त्यांत मिसळाव्यात आणि जमिनीखालच्या एका खोलीत त्या कुलूपबंद ठेवाव्यात. वीज गेली तरी तपमान फारसे चढणार नाही, एवढी ती खोली खोल हवी. पाच, दहा आणि पंधरा वर्षांनी प्रत्येकीच्या काही बाटल्या नावे झाकून उघडाव्यात. परीक्षकांत निम्मे परके असावेत. तांबड्यांबरोबर पांढऱ्या चाखायच्या असतील तर एकीचा निकाल दुसरीच्या आधी सांगू नये. छाटणीच्या आणि तोडणीच्या तारखा, त्या हंगामाचा पाऊस आणि उष्णता यांची नोंद प्रत्येक सालाच्या दप्तरात असावी. उद्या एखाद्या गणितज्ञाला ती उपयोगी पडेल. आणि निकाल छापताना केवळ सरासरी न छापता प्रत्येक परीक्षकाचे गुण त्याच्या नावासह छापावेत. गुणपत्रिका परत मागण्याचा हक्क कोणालाही असू नये.